मिनिटाला ८१ पावलं

पहिल्या दिवशी जिना चढताना मला वाटलं, गच्चीवर कुणी बोअर मारतंय. भिंतीला हात टेकला तर भिंत आतून धडधडत होती आणि कठड्याचा गज मुंग्या आल्यासारखा झिणझिणत होता. बारामतीत भिगवण रस्त्याला ही इमारत आहे. खाली खतं-बियाण्यांचं दुकान, वर जिम. दार ढकललं तर बोअरची गाडी नव्हती, धूळ नव्हती, पाणी लागण्याची कुणी वाटही पाहत नव्हतं. भिंतभर आरसे होते, सहा बायका होत्या आणि कोपऱ्यात छताला टांगलेले दोन काळे स्पीकर. ते असे ठोकत होते की खिडकीतल्या बाटलीतल्या पाण्यावर वर्तुळं उठत होती, डोहात म्हैस उतरल्यावर उठतात तशी.

"बाई, तुम्ही?" आरशातून कुणीतरी विचारलं. वळून पाहिलं तर दहावी 'ब'मधला शेवटचा बाक. तेव्हा उसाच्या वाढ्यासारखा होता, वारा आला की आधी हा हलायचा. आता दंड असे झाले होते की टी-शर्टच्या बाहीची दया यावी. हाच इथला ट्रेनर. मी तीस वर्षं मराठी शिकवलं, त्यातली तीन याच्यावर खर्च झाली, आणि आता व्याजासकट वसुलीची वेळ त्याची होती. मात्र तो वाकून पाया पडला. जिममध्ये पाया पडणं हाही एक व्यायाम आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तो पाय न वाकवता पडला, आणि नंतर मला तसंच करायला लावलं.

मी इथं आले ती साखरेमुळं. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर अशी कारखान्यांची नावं पत्त्यात घेऊन जगणारा हा मुलूख. इथं साखर वाढली की लोक खूश होतात. डॉक्टर झाले नाहीत. नीरा डाव्या कालव्याच्या कडेनं मी चार वर्षं चालत होते, पण ते चालणं हळूहळू बाकावर बसायला लागलं होतं. आम्ही चौघी निघायचो फिरायला आणि परत यायचो तेव्हा फिरलेलं काही नसायचं, दोन घटस्फोट आणि एक गृहप्रवेश तेवढा पार पडलेला असायचा. "स्नायूंना वजन द्या," डॉक्टर म्हणाले. माझ्या स्नायूंना आजवर फक्त दहावीच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याचं वजन माहीत होतं.

आमच्या ट्रेनरचा एक सिद्धांत आहे. पथ्य जसं ज्या त्या आजाराला वेगळं, तसं संगीत ज्या त्या व्यायामाला वेगळं. अंग तापवायला हाउस, मिनिटाला १२५ ठोक्यांच्या आसपास. सायकलला ट्रान्स, १४०. धावायला हार्डस्टाइल, १५०. दोरीवरच्या उड्यांना ड्रम अँड बेस, १७४. वजन उचलायला डबस्टेप, जी मोजायला १४० भरते पण चालते ७० च्या पावलानं. हे सगळं त्यानं मला एका दमात सांगितलं, न अडखळता, पाढे म्हटल्यासारखं. ज्या मुलाला तीन वर्षांत यमक आणि अनुप्रास वेगळे करता आले नाहीत, त्याला ट्रान्स आणि टेक्नो झोपेत ओळखता येत होते. मी नुसतं म्हटलं, "म्हणजे डबस्टेप हा द्रुत लयीत लपवलेला विलंबित." तो जरा थांबला. "तसंच असेल बाई," असं म्हणून त्यानं माझ्या हातात दोन किलोचं डंबेल दिलं.

हार्डस्टाइल हा प्रकार हॉलंडकडचा, हे कळल्यावर मला उगीचच जवळीक वाटली. डच माणसं आम्हाला नवीन नाहीत. माळेगावच्या कृषी विज्ञान केंद्रात डच तंत्रानं भाजीची रोपं वाढवतात. ट्रेमध्ये एकेक बी, वर हरितगृहाचं छत, आत मोजून पाणी, मोजून खत. इतक्या हळुवार हातांनी टोमॅटोचं रोप जोजवणारी माणसं रात्री असलं काही ऐकत असतील यावर विश्वास बसेना. मग वाटलं, समुद्राच्या पातळीखाली घर बांधून राहणाऱ्यांना आतून काहीतरी सतत ठोकत असणारच. ट्रान्सचा एक मोठा फाटा तर आपल्या शेजारचाच, गोव्याचा. गेल्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत अंजुण्याच्या किनाऱ्यावर परदेशी मंडळी रात्रभर नाचत आणि त्यातून जे घडलं त्याला जगभर 'गोवा ट्रान्स' म्हणतात. आमच्या शाळेची सहल १९९४ ला गोव्याला गेली होती. आम्ही मंगेशी पाहिलं, काजू घेतले आणि साडेनऊला मुलींना खोल्यांत कोंडून बाहेरून कड्या घातल्या.

ठोके मोजायचं म्हटल्यावर माझ्या डोक्यात साहजिकच मोरोपंत आले. या गावात मात्रा मोजण्याचा पहिला मान त्यांचा. बाबूजी नाईकांच्या आश्रयानं ते इथं राहिले, १७९४ मध्ये इथंच गेले, आणि मधल्या काळात आर्यांचा असा डोंगर उभा केला की १०८ रामायणं त्यांच्या नावावर सांगतात. त्यांच्या आर्या बहुतेक गीती आहेत, म्हणजे १२ मात्रा, मग १८, पुन्हा १२, पुन्हा १८. एकूण साठ. हिशेब किती सुरेख! ट्रेनरनं १२० ठोक्यांचं गाणं लावलं तर एक गीती बरोबर अर्ध्या मिनिटात बसते. वीस मिनिटांच्या चालण्यात चाळीस गीती होतील, गुडघ्यांचं गुडघ्यांना आणि पुण्याचं पुण्याला. दुसऱ्या आठवड्यात ट्रेडमिलवर मी हा प्रयोग केला. स्पीकरमधून हाउस चालू होतं, मनातून मी मोरोपंत चालू केले. पहिल्या बारा मात्रा झकास गेल्या. घात झाला अठरांवर. हे संगीत चारचारांच्या पायऱ्यांवर चढतं, गीतीचे गणही चार मात्रांचेच; पण अठरांत चाराचे गण साडेचार बसतात. त्या अर्ध्या गणाला माझा उजवा पाय हवेत राहिला. पट्टा थांबायला तयार नव्हता, छंदशास्त्र माघार घ्यायला तयार नव्हतं, मी कडेचा दांडा पकडला आणि लाल दोरी ओढली. "काय झालं बाई?" तो धावत आला. "मोरोपंत," मी म्हटलं. त्यानं आसपास पाहिलं. त्या नावाचं कुणी त्याच्या बॅचला नव्हतं.

त्याचं चुकत नाही म्हणा. बाहेरच्या जगात व्यायाम आणि संगीत या विषयावर माणसांनी आयुष्यं घातली आहेत. १९११ साली लिओनार्ड आयर्स नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं न्यूयॉर्कच्या सहा दिवसांच्या सायकल शर्यतीत टिपून ठेवलं की बँड वाजत असला की स्वार ताशी १९.६ मैलांनी जातात आणि थांबला की १७.९ वर येतात. १९९८ मध्ये बर्मिंगहॅमला हाइले गेब्रसेलासीनं 'स्कॅटमन' हे नाचाचं गाणं मैदानात लावायला लावलं आणि त्याच्या तालावर २००० मीटरचा विक्रम मोडला. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातले कारागेऑर्गिस तर वर्षानुवर्षं हेच मोजत आले. त्यांचं म्हणणं असं की संगीतामुळं मध्यम व्यायामाचे कष्ट सुमारे दहा टक्क्यांनी कमी भासतात, आणि १४० ठोक्यांच्या पुढं गेल्यानं फारसा जादा फायदा होत नाही. हे शेवटचं मी ट्रेनरला सांगितलं नाही. कुणाचा देव असा भर दुपारी हलवू नये.

आणि शास्त्रज्ञांनी कशाला सांगायला हवं? गळिताच्या हंगामात बारामतीहून इंदापूरकडं जा. उसानं लादलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येतो तो आधी कानाला दिसतो. ड्रायव्हरच्या डोक्यामागं स्पीकर, गाण्यात हलगी, हलगीत डीजे, डीजेत कुणाचा तरी वाढदिवस. चढाला ट्रॅक्टर दमतो तेव्हा ड्रायव्हर आवाज वाढवतो. याचा इंजिनाशी काही संबंध नाही हे त्यालाही कळतं, पण चढ संपतो खरा. वराती तर बोलायलाच नकोत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत राहत्या वस्तीला दिवसा ५५ डेसिबल लिहिलेत. एवढा आवाज तर आमच्याकडं वरात सुरू होण्याआधी "वाजीव की" असं म्हणण्यात खर्च होतो. पण मला कौतुक वाटतं ते नाचणाऱ्यांचं. ज्या मामांना एरवी मतदानालाही जिना चढवत नाही, ते डॉल्बीपुढं दोन तास नाचतात, आणि दोन तासांत वरात दोनशे मीटरसुद्धा सरकत नाही. ट्रेडमिलची कल्पना आमच्या लोकांना फार आधी सुचली होती, फक्त पेटंट घ्यायचं राहिलं.

तिसऱ्या आठवड्यात मात्र एक विचित्र गोष्ट झाली. आमची बायकांची बॅच अकराची. बारा वाजता पोलीस भरतीची पोरं येतात. पहाटे कालव्याच्या रस्त्यानं १६०० मीटरचा सराव झालेला असतो, इथं येतात ते दंडांसाठी. त्यांना आमचं १२५ चालत नाही. ती आली की ट्रेनर काहीतरी भयंकर लावतो. त्या दिवशी मी शेवटचं ताणणं उरकून सतरंजीवर पाठ टेकून पडले होते आणि वर ते सुरू झालं. धाड् धाड् धाड् धाड्, मध्ये श्वासाला फट नाही, सुराला वाव नाही. कुणीतरी लोखंडी दारावर डोकं आपटत हक्क मागतोय असं. मला उठायचं होतं. त्याऐवजी मी झोपले. साधी डुलकी नव्हे, तोंड उघडं टाकून, घोरत. उठले तेव्हा भोवती भरतीची सहा पोरं गुडघे टेकून बसली होती आणि ट्रेनर इलेक्ट्रॉलचा पेला धरून रडवेला झाला होता. "चक्कर आली का बाई?" मला फार संकोच वाटला. गेली पाच वर्षं मी रात्री घड्याळाच्या टिकटिकीनं जागी होते. पुतण्यानं घड्याळ बाहेर नेऊन टांगलं तर फ्रिजनं जाग येते. आणि इथं, या आवाजात, दुपारी बाराला गाढ?

घरी येऊन बराच विचार केला. वारीत असं होतं म्हणावं तर ते वेगळं. तुकोबांची पालखी बारामतीहून पुढं निघते, काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीला आणि पुढं इंदापूरला अश्वाचं. त्या टाळांच्या गजरात सत्तरीच्या बाया कमरेवर हात ठेवून पावली खेळतात आणि मैलोगणती चाललेल्या असतात. पण तिथं झोप येत नाही, तिथं उलट जागं व्हायला होतं. जात्याची ओवी म्हणावी तर ती कानाशी, मऊ. हेमा राईरकर आणि गी पॉइटेवँ यांनी गावोगाव हिंडून अशा लाखावर ओव्या जमवल्या. त्या ओव्या जात्याच्या फेऱ्यातून निघाल्या, दळण होतं म्हणून गाणं होतं. आमच्या ट्रेनरचं याच्या उलट आहे. गाणं आयतं आलेलं आहे, मिनिटाच्या हिशेबानं कापून, आणि आता अंग त्याला साजेसं काम शोधत फिरतंय. दळणं गेलं, मोट गेली, उफणणी गेली. ताल तेवढा मागं राहिला, घरातलं माणूस गेल्यावर खुंटीवर राहिलेल्या छत्रीसारखा.

मग टेक्नोबद्दल वाचताना एक गोष्ट सापडली. हे संगीत १९८० च्या दशकात डेट्रॉइटमध्ये जन्मलं, मोटारींच्या कारखान्यांच्या शहरात. कारखाने ओस पडत चालले होते आणि तिथली तरुण मुलं यंत्रांवर यंत्रांसारखं संगीत करत होती. वाचलं आणि पुस्तक छातीवर पालथं पडलं. खिडकीखालून एक आपे रिक्षा गेली, आमच्या एमआयडीसीतच तयार होणारी. तिचा तो फटफटाट कोपऱ्यापर्यंत ऐकत राहिले आणि कोपऱ्याच्या पलीकडं मला अण्णांचं इंजिन ऐकू आलं.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या शेपटाला. वरच्या गावांचं भिजून उरलं तर आवर्तन आमच्यापर्यंत यायचं, म्हणजे बहुतेक वेळा पाण्याची बातमी यायची. म्हणून विहीर, आणि विहिरीवर लिस्टर पद्धतीचं इंजिन, दोन गरगरत्या चाकांचं. ते चालू करणं हा सोहळा होता. अण्णा धोतराचा काचा मारायचे, वरचा खटका एका हातानं उचलून धरायचे आणि दुसऱ्या हातानं हँडल फिरवायला लागायचे. आधी जड, मग हलकं, मग गरागरा. मानेची शीर सुतळीएवढी व्हायची, आणि आता हात निखळतो की काय असं वाटत असतानाच ते खटका सोडून द्यायचे. क्षणभर काहीच नाही. मग पहिला धाड्! ट्रेनर ज्याला 'ड्रॉप' म्हणतो आणि त्यावर बैठकीतून उठायला सांगतो, तो मी सहा वर्षांची असताना रोज पाहिलेला होता. त्यानंतर अण्णा घाम पुसत, फावडं खांद्यावर टाकून पाण्यामागं चालू लागायचे, एका वाफ्याचं दार मोडत, पुढच्याचं धरत.

रात्रीचं इंजिन चालायचं तेव्हा आम्ही भावंडं ओसरीवर झोपायचो. आवाज शेतातून जमिनीखालून यायचा, उशीतून कानात. आई चुलीपाशी अर्धवट जागी. इंजिनाचा सूर जरा हलका झाला की ती म्हणायची, "पाणी सुटलं फुटवालचं," आणि खरंच थोड्या वेळानं अण्णांची हाक यायची, बादली घेऊन या म्हणून. आवाज चालू आहे तोवर अण्णा आहेत, पाणी आहे, सगळं ठीक आहे. तो थांबला की आम्ही दचकून जागे व्हायचो. शांततेनं जाग येण्याची माझी खोड तिथली.

मी कागद घेऊन हिशेब मांडला. मात्रा मोजायची सवय जात नाही. त्या इंजिनाच्या पाटीवर मिनिटाला ६५० फेरे लिहिलेले असत. चार टप्प्यांच्या चक्राचं इंजिन, म्हणजे दोन फेऱ्यांत एक ठोका, झाले ३२५. त्याचे निम्मे, एकशे साडेबासष्ट. दुसऱ्या दिवशी ट्रेनरला विचारलं, भरतीच्या पोरांना तू लावतोस ते काय? "गॅबर, बाई. रॉटरडॅमचं. एकशे साठ-बासष्ट पडतं." मी काही बोलले नाही. त्याला एवढंच विचारलं, माझ्या तासाचं तुला काही आठवतं का रे? त्यानं प्रामाणिकपणे डोकं खाजवलं. "तुम्ही कविता म्हणताना पट्टी टेबलावर वाजवायचात. ते आठवतं. कविता नाही आठवत."

आता मी अकराला जाते आणि साडेबारापर्यंत थांबते. पोरं आली की ती आरशापुढं डंबेल घेऊन उभी राहतात आणि मी खिडकीजवळच्या ट्रेडमिलवर चढते. एकशे बासष्टनं धावणं माझ्या गुडघ्यांच्या बापाला जमायचं नाही. पण दोन ठोक्यांना एक पाऊल टाकलं तर मिनिटाला ८१ होतात. ८१ ही काही व्यायामाची गती नव्हे. फावडं खांद्यावर घेतलेला माणूस अंधारात बांधावरून चालतो, पुढचं पाऊल टाकण्याआधी चिखल चाचपतो, ती गती आहे. पट्ट्याचा वेग मी अगदी खाली आणते. खिडकीतून कालव्याची कड दिसते, सुबाभळीचा शेंडा दिसतो. वर ते रॉटरडॅम धाड् धाड् चालू असतं, खालच्या दुकानातली युरियाची पोती हादरत असतात, भरतीची पोरं ओरडून एकमेकांना आकडे सांगत असतात, आणि मी शांतपणे चालत असते.

काल ट्रेनर जवळ आला. स्पीकरकडं बोट दाखवून माझ्या कानात ओरडला, "बंद करू का बाई? फार होतंय ना तुम्हाला?"

"राहू दे," मी म्हटलं. "शेवटच्या वाफ्यात पाणी पोचलं नाही अजून."

त्यानं पट्ट्याकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि मुकाट्यानं इलेक्ट्रॉलची पुडी आणायला गेला.